मी येलाले म्हणाले होते

रिक्षात बसल्या बसल्या मी म्हणाले, "सेंटरला सोडा."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "कुठलं सेंटर, मावशी? सोलापुरात लई सेंटर हायेत की. स्कॅन सेंटर, मोबाईल सेंटर, ब्युटीचं सेंटर..."

शेजारी बसलेली माझी लेक फिदीफिदी हसायला लागली. "विद्यापीठ हो, काका. पुणे रोडचं."

"मग तसं म्हणा की," म्हणत त्यानं रिक्षा चालू केली.

मला असा राग आला म्हणता! पण काढणार कुणावर? त्याची काही चूक नव्हती. आमच्यासारख्या मूठभर लोकांच्या तोंडात तेवढा तो शब्द उरलाय, आणि आम्हीही आता चाळिशी ओलांडून बसलोय.

आमच्या वेळी सगळे सेंटरच म्हणायचे. कारण आधी ते विद्यापीठ नव्हतंच मुळी. लांबच्या दुसऱ्या एका शहरातल्या विद्यापीठाचं ते पदव्युत्तर केंद्र होतं. शिकायचं इथं, पदवी तिथली. गुणपत्रिकेत नाव चुकलं की दोन दिवस मोडून तिकडं जायचं आणि खिडकीपुढं उभं राहायचं. आणि आमच्या जिल्ह्यातली आडनावं न चुकतील तर नवल! कुणाचं कन्नड, कुणाचं तेलुगू, लिहिणाऱ्याची लेखणी तरी कुठं कुठं सावध राहणार? मग कधीतरी आपल्या एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ झालं, फाटकावर नवी पाटी लागली, कागदांवर नवं नाव आलं. पण सिटी बसचा कंडक्टर काही बदलला नाही. फाटक जवळ आलं की घंटी मारून ओरडायचा, "चला, सेंटरवाले उठा!" आणि आम्ही उठायचो.

मी तिथं एम.ए. केलं तेव्हा नुसतं माळरान होतं. दोन-तीन इमारती, मध्ये लांबच लांब मोकळी जागा, आणि गुडघ्याएवढी कडुलिंबाची रोपं. वारा सुटला की डब्यात माती पडायची. कॅन्टीन म्हणजे पत्र्याची शेड, आणि फाटकाबाहेर एक टपरी. टपरीच्या खांबाला लाल रंगाचा, एक रुपया टाकायचा फोन अडकवलेला. त्या फोनबद्दल पुढं सांगायचंच आहे.

माझं माहेर अक्कलकोटचं, घरात कन्नड. तरीही मी एम.ए. मराठीला गेले. वडील म्हणाले, "मराठीत तुला काय कमी येतंय?" आईला काही कळलं नाही, पण ती रोज पहाटे उठून डबा द्यायची. एसटीनं सोलापूर, तिथून सिटी बसनं सेंटर. दोन तास जायला, दोन तास यायला. त्या चार तासांचा मला कधी कंटाळा आला नाही, हे आज लेकीला सांगितलं तर तिला ते खरं वाटत नाही.

पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली आणि विचारलं, "घरी मराठी बोलणारे किती?" अठरा जणांत सात हात वर आले. बाकी आम्ही कन्नड, तेलुगू, दोघं उर्दू घरचे. सर कोकणातले. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग मराठी घ्यायला कशाला आलात?"

मागच्या बाकावरून बारीक पण ठणठणीत आवाज आला. "सर, जे घरात हाय ते शिकायला फी कशाला भरायचं?"

"भरायची," सर म्हणाले. "फी ती. भरायची."

"तेच शिकायला आलो की, सर."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मी वळून बघितलं, तर काडीसारखी बारीक पोरगी, गुडघ्यापर्यंत वेणी, आणि चेहऱ्यावर काहीच बोलली नसल्यासारखा भाव. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती माझ्याशेजारी येऊन बसली, ती दोन वर्षं तिथंच बसली.

तिचं घर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू. वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर कामाला, टॉवेल विणायचे. रोज सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. ती माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान. पहिल्याच आठवड्यात मला अक्का म्हणायला लागली. अक्का म्हणजे थोरली बहीण, कन्नडमध्येही आणि तेलुगूतही. "बघ," ती म्हणाली, "दोघींच्या भाषेत एक शब्द तरी सारखा निघाला. आता तूच अक्का." मला सख्खी बहीण नाही. त्या शब्दानं माझ्या पोटात कसं ऊब आल्यासारखं झालं होतं, ते अजून आठवतं.

आम्हा दोघींचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. तो, ती, ते. मराठी माणूस जन्मतःच शिकून येतो की वही ती, फळा तो, पुस्तक ते. आम्हाला कसं कळायचं? मी "माझा वही" म्हणायची, ती "तो बस" म्हणायची. बाप टॉवेल-चादरीच्या धंद्यात, आणि लेक जन्मभर "ते चादर" म्हणत आली. पण तिची खास चूक वेगळीच होती. एकदा वर्गात उशिरा आली आणि म्हणाली, "सर, सॉरी, गावाकडून आई आलं."

"आली," सर म्हणाले.

"हो सर. आलं."

वर्ग लोळायचा बाकी राहिला. मधल्या सुट्टीत मी तिला म्हटलं, अगं बये, आईला तरी बाई म्हण की. तर ती डब्यातला चिंचेचा भात चिवडत म्हणाली, "आमच्यात एकच चालतंय, अक्का. वच्चिंदि म्हणलं की आई आली बी तेच, बस आली बी तेच. बाईला आन् वस्तूला एकच क्रियापद."

"आणि पुरुषाला?"

"पुरुषाला वेगळं. त्याला मान असतंय."

मी हसले. पण आमच्या कन्नडमध्ये तरी काय वेगळं होतं? व्याकरणात बाईला वेगळं रूप आहे, पण बोलताना मुलीला सर्रास वस्तूचंच लावतात. हे मला तेव्हा सुचलंच नाही. पुढं एका दिवशी चांगलं सुचलं.

मग आम्ही शंभर पानी वही आणली. प्रत्येक पानावर तीन रकाने पाडले: तो, ती, ते. बसमध्ये बसलं की एकमेकींची परीक्षा. खिडकीतून दिसेल ते विचारायचं. "पूल?" "तो." "पाटी?" "ती." "पाकीट?" "ते." "वाट?" ती अडखळली की मी चिमटा काढायची. "वाट ती गं, वाट ती!" मागच्या सीटवरची माणसं बघायची, या शहाण्या पोरी पहिलीची उजळणी का करतायत म्हणून. वही आळीपाळीनं दोघींकडं राहायची.

आणि आता तो शब्द. सोलापुरात कुणी "मी येतोय" म्हणत नाही. "येलालो" म्हणतात. बाई असेल तर "येलाले". काय करलालास, कुठं जालालीस, असं सगळं. पुण्याकडची माणसं ऐकून हसतात. सरांनी मात्र एकदा फळ्यावर लिहून दाखवलं: येऊ लागले. मग मधली अक्षरं पुसत गेले आणि खाली उरलं, येलाले. "हे अशुद्ध नाही," सर म्हणाले, "हे झिजलेलं आहे. माणसं जास्त वापरतात तेच झिजतं." मी घरी जाऊन कन्नडशी ताडून बघितलं, तर येलालेसाठीचं आमचं "बराकत्तीनि"सुद्धा अगदी तशाच वळणाचं. मी इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी सरांना सांगायला धावत गेले.

पण शब्द झिजला तसा त्याचा अर्थही झिजलाय. सोलापूरकर "येलालो" म्हणतो तेव्हा तो कुठं असतो? वाटेत असू शकतो. दारात चप्पल घालत असू शकतो. बऱ्याचदा अजून आंघोळसुद्धा झालेली नसते! आमच्यात हा चेष्टेचा विषय होता. मी एसटी चुकवली की ती विचारायची, "अक्का, खरंखुरं येलालीस की सोलापुरी येलालीस?"

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा आम्ही ठरवलं, एम.फिल. करायचं. दोघींनी, एकदमच. एकीनं भाषेवर, एकीनं लोकगीतांवर. लायब्ररीतल्या पंख्याखालच्या टेबलावर बसून आम्ही आमच्या प्रबंधांची नावंसुद्धा लिहून ठेवली होती. माझ्यासाठी ते नुसतं शिकणं होतं. तिच्यासाठी त्याहून जास्त होतं. तिच्या वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं: "नंबर लागला तर शीक, मी अडवणार नाही. नाही लागला तर टॉवेलच्या घड्या घालायला ये." भला माणूस होता, पण शब्दाचा पक्का. तिला ती एकच संधी होती, आणि हे मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर मी स्वतःला बऱ्याच सबबी सांगितल्या.

अर्जाला साक्षांकित प्रती लागायच्या. राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. शहरात त्यासाठी चार दिवस हेलपाटे. आमच्या अक्कलकोटला सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे, चहा घेत घेत गठ्ठाच्या गठ्ठा सही करून द्यायचे. म्हणून तिनं तिच्या झेरॉक्स, भरलेला अर्ज, फोटो, सगळं एका खाकी पाकिटात घालून माझ्याकडं दिलं. "सांभाळ गं, अक्का. सगळा माझा संसार यात हाय." दुसऱ्या दिवशीच सह्या झाल्या. शेवटच्या तारखेला मी दोन्ही पाकिटं घेऊन यायचं, फाटकापाशी भेटायचं, आणि बरोबर जाऊन खिडकीत अर्ज द्यायचे, असं ठरलं. खिडकी पाचला बंद व्हायची.

शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी वडील म्हणाले, "उद्या कुठं जाऊ नको. पाहुणे येणार आहेत."

मी म्हणाले, माझा अर्ज आहे. ते म्हणाले, अर्ज पुढच्या वर्षी भरता येतो. आईकडं बघितलं, तर ती पोह्यांचा डबा खाली काढत होती. मी मूग गिळून गप्प बसले. आता माझी लेक बापाशी तोंड वर करून भांडते तेव्हा मी तिला दटावते, आणि मनात म्हणते, भांड बाई, भांड.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मी साडी नेसून चहाचा ट्रे नेला. पाहुण्यांतली एक बाई माझ्याकडं बघून शेजारणीला म्हणाली, "हुडगी चलो अद." मुलगी चांगली आहे. "अद" हे वस्तूचं. आळ हे बाईचं रूप सोडून अद म्हणाली. आणि तिथं, हातात ट्रे धरून, मला माझ्या मैत्रिणीचं "आई आलं" आठवलं. हसू यायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात फोन वाजला. फोन बाहेरच्याच खोलीत, पाहुण्यांपासून चार हातांवर. साडेअकरा वाजले असतील. मीच उचलला.

"अक्का, मी फाटकावर आलेय. निघालीस का?"

मागं कपबश्या वाजत होत्या. वडील माझ्याकडं बघत होते.

"अक्का? निघालीस नं?"

"येलाले," मी म्हणाले.

"नक्की?"

"येलाले म्हणलं की." आणि रुपयाची वेळ संपून फोन कट झाला.

आता खरं सांगते. इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, "मला जमत नाही, तू ये आणि पाकीट घेऊन जा." नऊ शब्द. तिनं एसटी धरली असती, दीड-दोनपर्यंत दारात आली असती, पाचच्या आत परत पोचली असती. पाहुण्यांसमोर बोलता येत नव्हतं म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला समजावत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की माझं शिकणं त्या खोलीत संपत होतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि ती एकटी पुढं जाईल हे मला सोसवलं नाही. एका क्षणापुरतंच वाटलं ते. पण फोनही तेवढाच चालला.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तीन वाजले, चार वाजले. दोन्ही पाकिटं कपाटात साड्यांच्या खाली होती. पाच वाजता मी रडले, तर आईला वाटलं सासरी जायचं म्हणून रडतेय. आणि गंमत बघा, ते स्थळ जुळलंसुद्धा नाही! "कळवतो" म्हणाले, आणि कधीच कळवलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मी सेंटरला गेले. सर भेटले. त्यांनी मला रागावून विचारलं नाही, तेच वाईट झालं. म्हणाले, "खिडकी बंद झाल्यावरही ती फाटकाशी बसून होती. मी घरी निघालो तेव्हा साडेसहा वाजले होते. म्हटलं, अगं, आता कशाला थांबलीस? तर म्हणाली, सर, अक्का येलाली." दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात शब्द टाकून बघितला, पण तारीख गेली ती गेलीच. आणि ती? "पुन्हा आली नाही," सर म्हणाले. "वडिलांबरोबर कामावर जाते म्हणे."

मला तेव्हा तिच्या घरी जायला हवं होतं. पूर्व भाग काय सातासमुद्रापार होता? रोज माझी एसटी एमआयडीसीवरूनच जायची. पण माझे पाय उचलले नाहीत. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. वर्षानं माझं लग्न झालं, सासर मोडनिंबचं. पत्रिका मात्र तिला पोस्टानं पाठवली, काय निर्लज्ज बाई मी! ती आली नाही. मी पुढं बी.एड. केलं, मोडनिंबला शाळेत मराठी शिकवते. पोरांना तो-ती-ते शिकवताना दरवेळी तीन रकाने पाडते. ते खाकी पाकीट माझ्या कपाटात आहे. चार घरं बदलली, पाकीट हरवलं नाही.

तर अशी मी त्या दिवशी लेकीला घेऊन विद्यापीठात आले. तिला एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय, कागदपत्रं दाखवायची होती. रिक्षातून उतरले आणि काही ओळखूच येईना. केवढ्या इमारती! केवढे रस्ते! पोरं-पोरी गाड्यांवरून भुर्रकन येतात, जातात. टपरी गेली, लाल फोन गेला. कडुलिंब तेवढे राहिलेत, आणि ते इतके वाढलेत की त्यांची सावली ओळखीची वाटत नाही. आम्ही गुडघ्याएवढ्या रोपांशेजारी उन्हात बसून जेवलो. सावली या पोरांच्या वाट्याला आली. मला त्यांचा हेवा वाटला, आणि बरंही वाटलं.

खिडकीत मी लेकीचे कागद पुढं केले आणि विचारलं, "साक्षांकित प्रती किती लागतील?"

आतला तरुण कारकून नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ते बंद झालं कधीच. आता विद्यार्थ्यानं स्वतःच सही करायची, की हे खरं आहे म्हणून."

"स्वतःच?"

"हो. स्वतःच."

लेकीनं तिथल्या तिथं भराभर सह्या केल्या. डॉक्टर नको, शिक्का नको, पाकीट नको. आमच्या वेळी आमच्या सहीला कुणी विचारत नव्हतं, म्हणून एका पोरीचं आयुष्य साड्यांच्या खाली राहिलं. मी लेकीला म्हटलं, तू आत जाऊन ये, मी फाटकापाशी बसते.

तिचा नंबर माझ्याकडं होता. आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला तेव्हा कुणीतरी तिला त्यात घेतलं. ती तिथं कधीच काही लिहीत नाही. तिचे आता स्वतःचे चार माग आहेत एमआयडीसीत, हे मला तिथंच कळलं. वर्षभर तो नंबर मी नुसता बघत होते. त्या दिवशी पिशवीत ते पाकीट घालून आणलं होतं, का आणलं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. कठड्यावर बसले आणि फोन लावला.

"हॅलो, कोण बोलताय?" मागं मागांचा खडखडाट.

"मी... सेंटरवरनं बोलते."

खडखडाटातून तोच बारीक, ठणठणीत आवाज. "अक्का?"

रस्त्यावर माणसं येत-जात होती तरी मी रडले. ती थांबली, रडू दिलं. मग म्हणाली, "तितं काय करलालीस?"

"लेकीच्या प्रवेशाला आले."

"अगं बाई! मुलगी आलंय सोबत?"

"आलंय," मी म्हणाले. बावीस-तेवीस वर्षांत इतकं चुकीचं आणि इतकं गोड मराठी मी बोलले नव्हते. "तुझं पाकीट माझ्याकडं आहे अजून."

"ठाऊक हाय की. कुटं जाईल ते?"

पाकीट, ते. बरोबर होतं. मी धीर केला. "त्या दिवशी मी घरातच होते गं. निघालेच नव्हते."

"ते बी ठाऊक हाय. मागं कपबश्या वाजत होत्या, बाया बोलत होत्या. पाहुणे आले असणार, कळलं मला."

मी थक्क झाले. "मग एसटी धरून यायचं नाही का? पाकीट नेलं असतंस!"

"कशी येणार? पाहुणे बसलेले, आन् मी घामेजून दारात उभी? तुझं काय झालं असतं, अक्का?"

"मग घरी तरी जायचं! साडेसहापर्यंत कशाला बसलीस?"

"तू येलाले म्हणलीस की."

एवढंच बोलली. त्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. मी डोळे पुसले आणि जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "ऐक. पाहुण्यांमुळं गप्प बसले हे खरं. पण तू माझ्याशिवाय पुढं जाशील, ते मला नको होतं. म्हणून तुला ये म्हणाले नाही. हे पण ठाऊक होतं?"

माग चालत राहिले.

"न्हाय," ती म्हणाली. "हे न्हवतं ठाऊक."

पलीकडं कुणीतरी तिला तेलुगूत हाक मारली, तिनं काहीतरी उत्तर दिलं. मला वाटलं, आता फोन ठेवणार. ठेवू दे. तिचा हक्क आहे.

"कुटं बसलीस?" तिनं विचारलं.

"फाटकापाशी. आपली टपरी होती तिथं."

"उन्हात?"

"नाही. सावली आहे आता."

"थांब तितंच," ती म्हणाली. "येलाले." आणि फोन ठेवला. शेवटच्या शब्दापर्यंत तिच्या मागं माग चालूच होते.

थोड्या वेळानं लेक आली. काम झालं होतं, चेहरा खुलला होता. "चल आई, चारची गाडी मिळेल." मी म्हटलं, तू पुढं जा, मी नंतर येते. माझी एक मैत्रीण यायची आहे.

"कुठपर्यंत आलीय?"

"निघालीसुद्धा नसेल अजून."

"मग कशाला थांबतेस?"

"येलाले म्हणलीय की," मी म्हणाले. पाकीट पिशवीतून काढून मांडीवर घेतलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसले. साडेसहाला अजून तीन तास होते.